जुन्या युरोपच्या रंगीत फोटोंचा नाद: फोटोक्रोम बघायला, ओळखायला आणि विकत घ्यायला कसं शिकायचं

इंटरनेटवर "१८९० मधलं रंगीत व्हेनिस" किंवा "सव्वाशे वर्षांपूर्वीचं स्वित्झर्लंड रंगीत" असे फोटो फिरत असतात, ते बघून बऱ्याच जणांना वाटतं की आता कुणीतरी एआय लावून रंगवलेत. तसं नाहीये. त्यातले बरेचसे त्या काळातच रंगीत छापलेले आहेत, त्यांना फोटोक्रोम म्हणतात, आणि युरोप फिरायला गेलेली माणसं ते आठवण म्हणून विकत घेऊन घरी न्यायची, आपण फ्रिज मॅग्नेट आणतो तसं. यात नवीन असाल तर सुरुवात कुठून करायची, काय बघायचं, फसायचं कसं नाही, हे सगळं क्रमाने सांगतो. क्रम मोडला तरी चालेल, पण विकत घ्यायची घाई मात्र करू नका, ती पायरी मुद्दामच उशिरा ठेवली आहे.

पहिली पायरी: हे नक्की काय आहे ते समजून घ्या

हा रंगीत फोटो नाही. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं सोपं जातं. कॅमेऱ्याने टिपलेली निगेटिव्ह काळी-पांढरीच, तिच्यात रंगाची काहीही माहिती नाही, आणि जे रंग आपल्याला दिसतात ते झुरिकमधल्या छापखान्यात दगडावरून शाईने छापलेले आहेत. म्हणजे हाडं फोटोची आणि कातडी छपाईची.

दगडावरून म्हणजे अक्षरशः दगडावरून. आपल्याकडे ज्याला शिळाप्रेस म्हणायचे तीच ही लिथोग्राफी. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं ते शिळाप्रेसवरच, आणि राजा रविवर्म्यांच्या ज्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या त्याही १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या प्रेसमधून, एकेका रंगाला एकेक दगड लावून. फरक इतकाच की रविवर्मा प्रेसमध्ये चित्र दगडावर उतरवायचं काम कारागिराच्या हाताचं होतं आणि फोटोक्रोममध्ये ते उजेडाने व्हायचं.

ही युक्ती काढली हान्स याकोब श्मिड या माणसाने, तो ओरेल फ्युसली नावाच्या झुरिकच्या जुन्या छपाई कंपनीत नोकरीला होता. १८८० च्या दशकातली गोष्ट. १८८८ मध्ये या धंद्यासाठी वेगळी कंपनी काढली, तीच पुढे फोटोग्लोब म्हणून ओळखली जायला लागली. नंतर अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका कंपनीने याच पद्धतीचे हक्क घेतले आणि तिकडची दृश्यं छापायला लागली, पण आपला विषय युरोप आहे म्हणून डेट्रॉइट बाजूला ठेवू.

पद्धत थोडक्यात अशी. चुनखडीचा गुळगुळीत दगड घ्यायचा, त्याच्यावर बेंझिनमध्ये विरघळवलेलं डांबर, म्हणजे बिट्युमेन, पातळ फासायचं. हे डांबर उजेड लागला की कडक होतं, जितका उजेड जास्त तितकं जास्त कडक. (नीएप्स नावाच्या फ्रेंच माणसाने १८२० च्या दशकात जगातले पहिले फोटो काढले ते पण याच गुणधर्मावर.) मग त्याच्यावर उलटी केलेली निगेटिव्ह ठेवून दगड उन्हात ठेवायचा, उन्हाळ्यात दहा ते तीस मिनिटं, हिवाळ्यात झुरिकच्या त्या मळकट उजेडात काही तास सुद्धा. निगेटिव्ह उलटी का, तर दगडावरून कागदावर छापताना चित्र डाव्याचं उजवं होतं म्हणून. मग टर्पेंटाइनने धुतलं की कडक न झालेलं डांबर निघून जातं, कडक झालेलं दगडावर राहतं, त्यावर हाताने दुरुस्ती करायची, ॲसिडला दगड थोडा खाऊ द्यायचा, की एका रंगाचा दगड तयार.

एका रंगाचा! हेच सगळं परत निळ्यासाठी, परत पिवळ्यासाठी, परत लालसाठी, परत त्या करड्या-गुलाबी आभाळासाठी. कमीत कमी सहा दगड तरी लागायचे आणि चांगल्या चित्राला दहा ते पंधरा. प्रत्येक प्रिंटचा कागद तितक्या वेळा प्रेसमधून जायचा आणि दरवेळी तंतोतंत त्याच जागी बसायला हवा. गंमत अशी की सगळे दगड त्या एकाच काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हवरून केलेले, म्हणजे निळ्याच्या दगडावर काय ठेवायचं आणि काय खोडायचं हे ठरवणारा कॅमेरा नाही, दुरुस्ती करणारा कारागीर. फोटो काढणारा जागेवर रंगांच्या नोंदी करून आणायचा म्हणतात, छत लाल, शटर हिरवी वगैरे, पण नोंद असली तरी समुद्राचा नेमका निळा कुठला हे कोण कसं लिहिणार?

दुसरी पायरी: फुकटात भरपूर बघा

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे युरोप आणि मध्यपूर्वेचे जवळजवळ सहा हजार फोटोक्रोम आहेत, सगळे स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत, वापरावर कुठलंही ज्ञात बंधन नाही असं त्यांनी स्वतःच लिहिलंय, म्हणजे डाउनलोड करा, प्रिंट काढा, भिंतीवर लावा. झुरिकच्या मध्यवर्ती लायब्ररीकडे पण प्रचंड साठा आहे. विकिमीडिया कॉमन्सवर यातलं बरंच एकत्र सापडतं.

सर्च करताना एक अडचण येते. तुम्ही आजच्या गावांची नावं टाकता आणि काहीच मिळत नाही, कारण तिथली शीर्षकं डेट्रॉइटच्या कंपनीच्या १९०५ च्या कॅटलॉगमधून घेतलीयत आणि तेव्हाचा युरोपचा नकाशा वेगळा होता. ऑस्लो शोधू नका, ख्रिस्तियानिया शोधा. डुब्रोव्निक हवं असेल तर रागुसा. ग्दान्स्कला डान्झिग, व्रोत्स्वाफला ब्रेस्लाउ, इस्तंबूलला कॉन्स्टँटिनोपल, कार्लोव्ही व्हारीला कार्ल्सबाड. आजचे अर्धा डझन देश तर सरळ ऑस्ट्रो-हंगेरी या तेव्हाच्या साम्राज्याखाली जमा आहेत. मला विचाराल तर हा शोधायचा भागच निम्मी मजा आहे, एका संध्याकाळी डाल्मेशियाचा (आजच्या क्रोएशियाचा) किनारा शोधता शोधता माणूस बोहेमियाच्या (आजच्या चेक देशातल्या) गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाऊन पोचतो.

सुरुवात कुठल्या देशापासून करायची? सगळे व्हेनिस आणि स्वित्झर्लंडवर तुटून पडतात. ठीक आहे, ती आहेतच छान, आणि ल्युसर्न (म्हणजे लुझर्न) तर आपल्या टूरवाल्यांच्या कृपेने अर्ध्या पुण्याने बघितलेलं असतं, त्यामुळे तिथल्या चॅपल ब्रिजचा फोटोक्रोम बघितला की लगेच ओळख पटते. त्या लाकडी पुलाचा मोठा भाग १९९३ च्या ऑगस्टमध्ये आगीत गेला आणि नंतर परत बांधला, म्हणजे तुम्ही टूरमध्ये ज्याच्यावर उभं राहून सेल्फी काढला तो आणि फोटोक्रोममधला, दोन्हीतलं बरंचसं लाकूड वेगळं. पण माझं मत असं की नवख्याने नॉर्वे आणि आयर्लंड आधी बघावं. तिथे रंग कमी भडक आहेत, करडा उजेड, ओले दगड, गवताची छपरं, आणि कारागिराला जिथे फार काही रंगवायला नव्हतं तिथेच हे तंत्र सगळ्यात भारी दिसतं. आल्प्सच्या शिखरांना गुलाबी करायचा मोह त्यांना कधी आवरला नाही.

डाउनलोड करताना छोटी जेपेग घेऊ नका, मोठी टिफ फाइल घ्या, वेळ लागला तरी चालेल, कारण पुढच्या पायरीला झूम करायचंय.

तिसरी पायरी: रंगांवर विश्वास ठेवायचा नाही, आणि मग ते नीट बघायचे

टिफ उघडा आणि भरपूर झूम करा. आधी माणसं शोधा. रस्त्यावर चालणारी माणसं बऱ्याचदा पुसट, अर्धवट दिसतात, कारण निगेटिव्हचं एक्स्पोजर चालू असताना ती हलली, आणि कारागिराने कधी त्यांना तसंच सोडलंय तर कधी खोडून टाकलंय. मग लाल रंग शोधा. बाईचा स्कर्ट लाल, छत्री लाल, होडीतल्या माणसाची टोपी लाल, झेंडा लाल. प्रत्येक लाल वेगळा नसतो, एकच दगड, एकच शाई, म्हणून सगळ्या गावाने एकाच ठाण्यातून कापड घेतल्यासारखं दिसतं.

मग कडा बघा. छताच्या कडेला निळ्याची बारीक पट्टी बाहेर आलेली दिसेल किंवा झाडाचा हिरवा झाडाच्या थोडा पलीकडे गेलेला, लहान पोरांनी रंग भरायच्या पुस्तकात रेषेबाहेर रंग न्यावा तसा. हा दोष नाही, कागद दहा-बारा वेळा प्रेसमधून गेला आणि एकदा केसभर सरकला त्याचा पुरावा आहे.

आणि आभाळ. आभाळाकडे संशयानेच बघायचं. खालून पिवळं, मधे नारिंगी, वर निळं असं एकसारखं विरघळत गेलेलं आभाळ ज्या निगेटिव्हमध्ये होतं ती निगेटिव्ह अस्तित्वातच नव्हती, कारण त्या काळच्या प्लेटला, म्हणजे फिल्मच्या जागी वापरायच्या काचेला, निळा उजेड फार पटकन लागायचा आणि आभाळ बहुतेक वेळा नुसतं कोरं पांढरं यायचं, ढग असले तरी गायब. म्हणजे फोटोक्रोममधलं आभाळ म्हणजे जवळजवळ सगळं छापखान्याचं.

याचा कळस म्हणजे चांदण्या रात्रीची दृश्यं. व्हेनिस चांदण्यात, नेपल्सची खाडी चांदण्यात, पाण्यावर चंद्राचा पट्टा, खिडक्यांत पिवळे दिवे. हे सगळं भरदिवसा काढलेल्या निगेटिव्हवरून केलेलं. रात्री उजेडच नाही तर त्या काळच्या प्लेटवर असं स्पष्ट दृश्य कुठून येणार! गडद निळे-हिरवे दगड लावले, चंद्र बसवला, दोन-चार खिडक्या पिवळ्या केल्या, झाली रात्र. नवख्यांना माझा आवडता व्यायाम हाच, चांदण्याचं चित्र उघडायचं आणि सावल्या कुठल्या दिशेला पडल्यात ते बघायचं, आणि मग चंद्र कुठे आहे ते बघायचं. बऱ्याचदा दोघांचं जमत नाही. काही संग्राहक या रात्रींना नावं ठेवतात, मला मात्र त्या फार आवडतात, कारण बाकीची चित्रं खरी असल्याचा आव आणतात आणि ही उघडपणे नाटकी आहेत.

मग इतकं खोटं असेल तर लोक घ्यायचे कशाला? १८८८ पासून कोडॅकचा हातात मावणारा कॅमेरा मिळायला लागला होता, पण त्याच्यातून काळं-पांढरंच निघायचं आणि तेही नवशिक्याचं हललेलं. खराखुरा रंगीत फोटो, ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम प्लेट, बाजारात आली १९०७ मध्ये, तीही काचेवर, एकच प्रत, उजेडासमोर धरून बघायची. मधल्या काळात ज्याला घरी जाऊन "हे बघा मी इथे गेलो होतो, पाणी असं निळं होतं" म्हणायचं होतं त्याच्यासाठी फोटोक्रोम होता. टुरिस्ट गावांत दुकानात मिळायचा, कॅटलॉग बघून पोस्टाने मागवता यायचा, अल्बममध्ये चिकटवायचा किंवा फ्रेम करायचा. पाणी तितकं निळं होतं का हा प्रश्न घेणाऱ्याला पडत नव्हता, त्याला आठवणीतलं निळं हवं होतं.

चौथी पायरी: खालची ओळ वाचायला शिका

फोटोग्लोबच्या प्रिंटवर बहुतेक वेळा चित्राच्याच खालच्या कडेला, बारीक सोनेरी अक्षरात एक ओळ असते. त्यात पी. झेड. ही आद्याक्षरं, एक नंबर, आणि जागेचं नाव. पी. झेड. मधला झेड झुरिकचा. नाव कधी जर्मन, कधी फ्रेंच, कधी इंग्रजी, कधी तिथल्या स्थानिक भाषेत. उजेडात प्रिंट थोडी तिरकी धरली की ही अक्षरं चमकतात, आणि स्कॅनमध्ये मात्र ती मातकट तपकिरी दिसतात, त्यामुळे स्क्रीनवर "सोनेरी कुठेय" म्हणून गोंधळू नका.

नंबर कामाचा आहे, एकाच जागेची दोन दृश्यं वेगळी ओळखायला आणि विकणाऱ्याला नेमकं विचारायला. पण नंबरवरून साल काढायला जाऊ नका.

सालाबद्दल जरा सविस्तर सांगतो, इथे बहुतेकांची गडबड होते. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये युरोपच्या जवळजवळ सगळ्या प्रिंट्सवर "साधारण १८९० ते १९००" असं लिहिलेलं दिसेल. तो सरसकट लावलेला अंदाज आहे, प्रत्येक प्रिंटची तारीख शोधून काढलेली नाही. तुम्ही स्वतः शोधू शकता आणि त्यात मजा येते. चित्रात काय आहे आणि काय नाही ते बघायचं. लंडनचा टॉवर ब्रिज दिसतोय? तो १८९४ च्या जूनअखेर उघडला, म्हणजे निगेटिव्ह त्याच्या आसपासची किंवा नंतरची. पॅरिसमध्ये १९०० च्या जागतिक प्रदर्शनाचे मंडप दिसले तर साल हातात आलंच. आयफेल टॉवर १८८९ चा. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातला उंच मनोरा, कांपानिले, १४ जुलै १९०२ ला सकाळी कोसळला आणि नवा बांधून १९१२ मध्ये उघडला, म्हणजे मनोरा असलेलं जुनं दृश्य १९०२ च्या आधीच्या निगेटिव्हचं.

निगेटिव्हचं म्हटलं, प्रिंटचं नाही, हा फरक लक्षात ठेवा. कंपनी एकच निगेटिव्ह वर्षानुवर्षं वापरायची, मनोरा पडल्यावर सुद्धा मनोऱ्याचं चित्र विकायला काय हरकत, उलट जास्तच खपणार. कधी कधी परत छापताना रंग सुद्धा बदललेले असतात, एकाच दृश्याच्या दोन प्रिंट शेजारी ठेवल्या तर एकीत होडीचं शीड पांढरं आणि दुसरीत नारिंगी. तेव्हा सेलरने "१८९२ ची ओरिजिनल" लिहिलं असेल तर ते साल कुठून आणलं विचारा, बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

या तारखा काढायच्या नादात एक वेगळाच युरोप बघायला मिळतो. नॉर्वेतलं ओलेसुंद गाव जानेवारी १९०४ मध्ये एका रात्रीत जळालं, बहुतेक सगळी लाकडी घरं होती. ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्श चर्च फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बिंगनंतर ढासळलं आणि परत उभं राहिलं ते थेट २००५ मध्ये. त्याच्या आधीचं ड्रेस्डेन रंगात बघायचं तर फोटोक्रोम आहेतच, रंग झुरिकचे असले तरी दगड-विटा तिथल्याच.

पाचवी पायरी: भिंग घ्या

दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग घ्या, सोनारांकडे असतं तसं, फार महाग नसतं. हे घेतल्याशिवाय एकही प्रिंट विकत घेऊ नका.

आधी कुठलंही आजचं मासिक किंवा लग्नपत्रिका घ्या आणि भिंगाखाली बघा. चार रंगांचे ठिपके ओळीत, नियमित जाळीत बसलेले दिसतील, बारीक फुलांसारखे. ही हाफटोनची जाळी. आता खरा फोटोक्रोम भिंगाखाली धरला तर अशी जाळी दिसत नाही. दिसतो तो अनियमित दाणा, बारीक खरबरीत, एकमेकांवर चढलेले शाईचे थर, कुठे पिवळ्यावर निळा येऊन हिरवा झालेला. शाया अर्धपारदर्शक असल्यामुळे खालचा थर वरच्यातून दिसतो. जाळी दिसली की सरळ परत करायचं, ते पुस्तकातून फाडलेलं पान आहे, किंवा नंतरची नक्कल आहे.

इंकजेटवर काढलेली आजची कॉपी पण भिंगाखाली उघडी पडते, तिथे बारीक तुषार उडाल्यासारखे विखुरलेले ठिपके असतात. आणि कागद बघा. खऱ्या प्रिंटचा कागद गुळगुळीत, वर वॉर्निशची हलकी चमक, आणि पुष्कळदा जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. नेहमीचा आकार साधारण १६.५ बाय २२.५ सेंटिमीटर. मोठेही असतात, पॅनोरमाही असतात, पण विकणारा ए४ किंवा ए३ आकाराची "ओरिजिनल" देतोय म्हणाला तर हसून पुढे जा.

नावाच्या घोटाळ्यात पण अडकू नका. लंडन आणि टनब्रिज वेल्सच्या फोटोक्रोम कंपनी नावाने निघालेली ढीगभर पोस्टकार्डं बाजारात आहेत, ती कंपनी सुरुवातीला याच तंत्राशी जोडलेली होती हे खरं, पण पुढे तिने साधी पोस्टकार्डं प्रचंड छापली आणि त्यातली बहुतेक या पद्धतीची नाहीत. तसंच १९५० नंतरची चकचकीत रंगीत पोस्टकार्डं पण कुणी कुणी फोटोक्रोम म्हणून विकतात. ती वाईट नाहीत, स्वस्तात असतील तर घ्याही, पण ती वेगळी जात आहे.

सहावी पायरी: आता विकत घ्या, हवंच असेल तर

हवंच असेल तर म्हटलं कारण खरं सांगायचं तर भिंतीवर लावायला टिफवरून काढलेली चांगली प्रिंट पुरते. मूळ आकार ए४ मध्ये आरामात बसतो. डिजिटल प्रिंटवाल्याकडे जाऊन मॅट आर्ट पेपरवर, मूळ मापात, काही "करेक्शन" न करता काढून द्या म्हणायचं, आणि हे शेवटचं दोनदा सांगायचं, कारण ते लोक सवयीने ब्राइटनेस वाढवतात आणि आभाळाचा तो हलका पिवळा जातो. ग्लॉसी घेऊ नका.

मूळ प्रिंट हवी असेल तर स्वस्तातला आणि मस्त मार्ग म्हणजे युरोपात असलेली आपली माणसं. कुणाचा भाचा म्युनिकला, कुणाची मावसबहीण लंडनला, हल्ली घराघरात कोणीतरी असतंच. त्यांना शनिवारी जुन्या बाजारात पाठवा. झुरिकला बर्क्लीप्लाट्झला मे ते ऑक्टोबर शनिवारी जुना बाजार भरतो, लंडनला पोर्टोबेलो रोड आहे, पॅरिसला सीन नदीच्या काठी जुन्या पुस्तकांच्या हिरव्या पेट्या. मिळेलच असं नाही. पण जाणाऱ्याला तीन गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून द्या: सोनेरी ओळ आहे का, भिंगाखाली जाळी नाही ना, पुठ्ठ्यावरून पापुद्रा सुटलेला नाही ना. फोटो पाठवायला सांगा, समोरून आणि मागून, आणि एक तिरका धरून, म्हणजे चमक आणि ओरखडे दिसतात.

ऑनलाइन घेताना किमतीचं गणित साधारण असं चालतं: स्विस डोंगर, तलाव, ऱ्हाइनचे किल्ले यांचे ढीग छापले गेले, म्हणून ते परवडतात. कमी फिरल्या जाणाऱ्या जागा, आता नसलेली गावं, माणसांचे पोशाख, बाजार, यांना भाव जास्त. मोठ्या आकाराला आणखी जास्त. फाटलेलं, डागाळलेलं असेल तर भाव बराच पडतो आणि नवख्याने शिकायला म्हणून असलंच एखादं आधी घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, हातात घेऊन भिंगाखाली बघायला कोपरा गेलेला असला तर काय बिघडतं. पोस्टेज आणि कस्टम ड्यूटी आधी धरून ठेवा, कधी कधी प्रिंटपेक्षा तेच जास्त होतं. आणि सेलरला पाठवताना दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठव म्हणून लिहा, गुंडाळून पाठवलं तर वॉर्निशला चिरा जातात.

आधीच फ्रेममध्ये असलेलं घेत असाल तर फ्रेम उघडून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर सोडून द्या.

सातवी पायरी: आपल्या हवेत टिकवा

शाईने छापलेलं असल्यामुळे फोटोक्रोम त्या काळच्या साध्या फोटोंपेक्षा कमी फिके पडतात, म्हणून तर आजही इतके ताजे दिसतात. पण उन्हात टांगलंत तर काही शाया उडणारच. आपला खरा शत्रू पावसाळा आहे. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या पाकिटाला बुरशी येते तिथे सव्वाशे वर्षांच्या कागदाचं काय होईल. जुना पुठ्ठा ॲसिडवाला असतो, तो आतून पिवळा-तपकिरी होत जातो आणि ते डाग प्रिंटमध्ये उतरतात, वर कसर लागली की संपलं.

साध्या फाइलच्या प्लास्टिक पाकिटात ठेवू नका, पीव्हीसीचं असलं तर ते चिकटतं. पॉलिस्टर म्हणजे मायलरची स्लीव्ह घ्या, मागे ॲसिड-फ्री कागद, आणि सपाट डब्यात आडवं ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि वेळोवेळी बदला, त्या एकदा टाकून विसरायच्या नसतात. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको, त्या भिंतीला ओल येते. पावसाळ्यात कोरड्या दिवशी डबा उघडून हवा लागू द्या, पण उन्हात नाही.

पुठ्ठ्यावरून प्रिंट सोडवायचा प्रयत्न घरी करू नका, पाण्याने तर नाहीच. ओल्या फडक्याने पुसायचं नाही, धूळ असेल तर अगदी मऊ कोरडा ब्रश. सेलोटेप नाही. लॅमिनेशन तर अजिबातच नाही, आपल्याकडे जुनं काही दिसलं की लॅमिनेट करून आणायची जी हौस आहे ती इथे आवरा. फ्रेम करायची असेल तर फ्रेमवाल्याला सांगा की काच प्रिंटला टेकता कामा नये, मधे माउंटची पट्टी हवी, मागे हार्डबोर्डच्या आधी ॲसिड-फ्री बोर्ड हवा, आणि प्रिंट कशालाच फेव्हिकॉलने चिकटवायची नाही. तो "काय होत नाय ओ" म्हणेल. तरी सांगा, आणि जमलं तर फ्रेम होताना तिथेच उभं राहा.

शेवटचं काम, स्लीव्हमध्ये एक वेगळी चिठ्ठी ठेवा, पेन्सिलीने लिहिलेली: नंबर, जागेचं तेव्हाचं नाव, आत्ताचं नाव, कुठून कितीला घेतली, आणि साल काढलं असेल तर कशावरून काढलं. प्रिंटच्या मागे काही लिहू नका. मागे आधीच कुणी लिहिलेलं असेल, एखादी तारीख, हॉटेलचं नाव, कुणाला भेट दिली ते, तर ते खोडू पण नका, बऱ्याचदा समोरच्या चित्रापेक्षा तीच ओळ जास्त वेळ वाचत बसावी अशी असते.